कोमट बिअर आणि कायद्याची सोय

अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पेट्रोल पंपावरच्या दुकानात बिअर मिळते, पण ती थंड मिळत नाही. तिथला कायदा किराणा दुकानांना, औषधांच्या दुकानांना आणि ज्याला ते लोक ‘कन्व्हीनियन्स स्टोअर’ म्हणतात त्या रस्त्याकडेच्या दुकानांना बिअर विकू देतो. मात्र ती फ्रिजात ठेवून किंवा बर्फात घालून विकू देत नाही. थंड बिअर घरी न्यायची असेल तर खास दारूच्या दुकानात जावे लागते. त्याच पेट्रोल पंपावर बिअरपेक्षा कितीतरी कडक असलेली वाईन मात्र थंडगार विकता येते.

या नियमाविरुद्ध पेट्रोल पंप आणि कन्व्हीनियन्स स्टोअरवाल्यांची संघटना न्यायालयात गेली. राज्याचा युक्तिवाद असा होता : थंड बिअर लगेच, गाडीतच उघडली जाण्याचा संभव जास्त. दारूच्या दुकानांवर निर्बंध कडक असतात, अल्पवयीन मुलांना तिथे पाऊलही टाकता येत नाही; तेव्हा थंड बिअर तिथेच असलेली बरी. डिसेंबर २०१५ मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने हा नियम वैध ठरवला. नियम शहाणपणाचा आहे का, हे अशा खटल्यात न्यायालय पाहत नाही. त्यामागे एखादे पटण्याजोगे कारण असू शकते का, एवढेच पाहते. कारण असू शकत होते, आणि तेवढे पुरेसे होते.

पुढे रिकर्स नावाच्या एका साखळीने आपल्या दोन दुकानांत टेबलखुर्च्या मांडल्या, मेक्सिकन बरिटो विकायला घेतले आणि उपाहारगृहाचा परवाना मिळवला. उपाहारगृहाला थंड बिअर बरोबर न्यायला देता येत होती. कायदेमंडळाने २०१७ मध्ये ही वाटही बुजवली.

ही हकीकत हसून सोडून द्यावी अशी वाटते. पण तिच्यात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. एखादी गोष्ट वाईट आहे असे ज्या राज्याला वाटते, त्याच्यापुढे दोन सरळ रस्ते असतात : ती बंद करावी, किंवा माणसांच्या विवेकावर सोडावी. इंडियानाने तिसरा रस्ता घेतला. वस्तू द्यायची, पण घेणाऱ्याला थोडा त्रास होईल अशी द्यायची. नागरिकाचे आचरण सुधारण्यासाठी त्याची मुद्दाम गैरसोय करणे, हे नैतिकदृष्ट्या योग्य आहे का?

मी भाषांतराचा व्यवसाय करते, त्यामुळे प्रश्न आधी शब्दापाशी अडतो. ‘कन्व्हीनियन्स स्टोअर’ला मराठीत काय म्हणावे? ‘सोयीचे दुकान’ म्हटले तर अर्थ येतो, पण वास बदलतो. मराठीत सोय ही जवळजवळ पुण्याची गोष्ट आहे. वाटसरूच्या पाण्याची सोय, गावाहून शिकायला आलेल्या मुलाच्या जेवणाची सोय, लग्नघरी पाहुण्यांच्या निजण्याची सोय. सोय एकाने दुसऱ्याची करायची असते. जो स्वतःचीच सोय बघतो, त्याच्यासाठी भाषेने ‘सोयीस्कर’ हा शब्द राखून ठेवला आहे, आणि ‘सोयीस्कर मत’, ‘सोयीस्कर मौन’ हे बोलताना आपला आवाज आपोआप तिरका होतो. दारूच्या कायद्यांकडे पाहताना हा फरक उपयोगी पडतो. प्रत्येक वेळी विचारावे : इथे सोय कुणाची केली जाते आहे, आणि सोयीस्कर कुणाला आहे?

दारूबंदी उठवताना अमेरिकेनेच याचा एक नमुना घालून दिला. १९३३ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी एका कायद्यावर सही केली. देशाच्या घटनेत दारूबंदी अजून शाबूत होती. ती डिसेंबरात उठायची होती. घटना मादक पेयांना मनाई करत होती. म्हणून या कायद्याने वजनाने ३.२ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेली बिअर मादक नाहीच असे धरले, आणि एप्रिलपासून ती खुलेआम विकली जाऊ लागली. बिअर तीच, फक्त शब्द बदलला. दारूबंदी पूर्ण उठल्यावर नियमनाचा अधिकार राज्यांकडे गेला आणि काही राज्यांनी ही ३.२ ची रेघ पुढे कित्येक दशके जपली. ओक्लाहोमात किराणा दुकानात ३.२ ची बिअर मिळे आणि थंडही मिळे. त्याहून कडक बिअर दारूच्या दुकानात मिळे, आणि ती मात्र थंड करून विकायला बंदी होती. म्हणजे इंडियानाच्या नेमके उलट. जनमत घेऊन ओक्लाहोमाने ही व्यवस्था २०१८ च्या ऑक्टोबरपासून मोडीत काढली. एकाच देशातल्या दोन राज्यांत थंडपणाची नैतिकता विरुद्ध दुकानांना चिकटली होती. तिथे नैतिकता कमी आणि दुकानांची वाटणी जास्त होती, असा संशय आल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे नैतिकता अंतरात मोजली गेली. डिसेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारूविक्रीला मनाई केली. हेतू निःसंशय चांगला होता : मद्यपी चालकांमुळे रस्त्यावर माणसे मरतात. पण लगोलग काही ठिकाणी सरकारांनी रस्त्यांचा ‘महामार्ग’ हा दर्जाच काढून घेतला, आणि केरळात उत्तर परवूरमधल्या एका बारने आपल्या दाराशी वेड्यावाकड्या वळणांची वाट बांधली. बार होता तिथेच राहिला. पायी जायचे अंतर तेवढे लांबले. कायद्याने मीटर मागितले होते, त्याला मीटर मिळाले.

आणि महाराष्ट्रात? इथे १९४९ चा दारूबंदी कायदा आजही अस्तित्वात आहे. त्याच्याखाली दारू पिण्यासाठी परवाना लागतो, आणि तो आरोग्याच्या रक्षणासाठी आणि ते टिकवण्यासाठी दिला जातो. ‘दारू’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अजून शिल्लक आहे. आपल्या कायद्याने तो जिवंत ठेवला आहे असे म्हणायला हवे. इतक्या मोठ्या राज्यात इतकी माणसे प्रकृतीच्या कारणास्तव पितात, यावर कायदा सोडून कुणाचाच विश्वास नाही.

गैरसोयीच्या विरोधात सर्वांत धारदार युक्तिवाद जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ साली ‘ऑन लिबर्टी’त केला. वस्तू मिळणे अवघड व्हावे एवढ्याच हेतूने तिच्यावर कर लावणे आणि तिच्यावर बंदी घालणे यांत फरक केवळ प्रमाणाचा आहे, असे तो म्हणतो; वाढलेली किंमत ज्याला परवडत नाही, त्याच्यापुरती ती बंदीच असते. मोह कमी व्हावा म्हणून दारूच्या गुत्त्यांची संख्या घटवणे म्हणजे कष्टकऱ्यांना लहान मुलांसारखे वागवणे, असेही त्याचे म्हणणे आहे. मिलचा हा मुद्दा टाळता येत नाही. कोमट बिअरचा नियम ज्याच्या घरी मोठा फ्रिज आहे त्याला जाणवतच नाही. गावातले दुकान बंद झाले तर गाडीवाला पुढच्या गावात जातो; पायी चालणारा मजूर गावठी, विषारी काहीतरी गाठतो. गैरसोय सगळ्यांना सारखी वाटली जात नाही.

तरीही मी मिलबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. एक कारण व्यवहाराचे आहे. गैरसोयीचा परिणाम होतो. मद्यावर कर, जाहिरातींवर बंदी आणि उपलब्धतेवर मर्यादा हे जागतिक आरोग्य संघटनेच्या मते सर्वांत परिणामकारक उपाय आहेत. माणूस दर वेळी ठरवून पीत नाही. पुष्कळदा समोर आहे म्हणून पितो. दुसरे कारण अधिक खोलवरचे आहे. मिलच्या चित्रात घेणारा आहे, विकणारा आहे आणि दोघांच्या मध्ये हात घालणारे राज्य आहे. पिणाऱ्याने दुसऱ्याची हानी केली तर त्याला शिक्षा करा, असे तो जरूर म्हणतो. पण ती झाल्यावरची गोष्ट. ज्या घरात ती रोज थोडी थोडी होते, तिथे तक्रार करायला कोण जाणार?

मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण त्याच्या मनात ‘एकच प्याला’ असतो. गडकऱ्यांच्या सुधाकराला पहिला प्याला कुठल्या दुकानाने दिला नाही; तो त्याच्या अपमानाच्या वेळी तळीरामाने दिला. दुकान जवळ होते की लांब, याने तिथे फारसे काही बदलले नसते. म्हणजे गैरसोयीची मर्यादाही हेच नाटक दाखवते : ज्याच्याजवळ तळीराम आहे, त्याला दुकानाची गरज नसते. पण नाटक संपल्यावर आपल्या मनात सुधाकर कमी आणि सिंधू जास्त उरते. सौदा तिने केला नाही, किंमत तिने भरली. इंडियानाच्या खटल्यात मला ती कुठे दिसत नाही. तिथे एका बाजूला एक प्रकारचे दुकानदार होते, दुसऱ्या बाजूला राज्य आणि त्याच्या नियमाचा फायदा मिळणारे दुसऱ्या प्रकारचे दुकानदार. तिचे नाव युक्तिवादापुरते घेतले जाते, तिला विचारत कुणी नाही.

तिला विचारण्याची एक पद्धत महाराष्ट्रात आहे. गावातल्या किंवा प्रभागातल्या बायकांनी ठरावीक संख्येने मागणी केली तर दारूच्या दुकानावर गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात : उभी बाटली आणि आडवी बाटली. आडव्या बाटलीला आवश्यक बहुमत मिळाले तर दुकान बंद होते. या कायद्यालाही मिलचा आक्षेप लागू आहे. न पिऊन धिंगाणा न घालणाऱ्याचीच नव्हे, तर शांतपणे एक ग्लास घेऊन झोपणाऱ्याचीही त्यात गैरसोय होते, आणि दारू शेजारच्या गावातून येतच राहते. पण इथे गैरसोय लादणारी माणसे समोर उभी असतात, आपले कारण उघड सांगतात, आणि हरण्याची शक्यता पत्करतात. उभ्या बाटलीचा विजय झाल्याचेही प्रसंग आहेत.

याच्या शेजारी २०२२ चा निर्णय ठेवून पाहावा. जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत आणि सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचे ठरवले. कारण सांगितले गेले ते द्राक्ष आणि फळे पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे. वाईन म्हणजे दारू नव्हे, असेही सत्ताधाऱ्यांकडून म्हटले गेले. विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ हा शब्द काढला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय अमलात आला नाही. त्या वादात शेतकऱ्याची बाजू खरी असू शकेल, विरोधकांची भीतीही खरी असू शकेल. मला खटकला तो शब्दाचा खेळ. १९३३ ची बिअर मादक नव्हती, २०२२ ची वाईन दारू नव्हती. दोन भाषांत, नव्वद वर्षांच्या अंतराने, राज्याने तेच केले : निर्णयाची जबाबदारी घेण्याऐवजी शब्दकोश बदलला. वाईन ही दारूच आहे, तरीही आम्ही ती किराण्याच्या दुकानात ठेवतो आहोत, आणि त्याची ही कारणे आहेत, असे म्हणता आले असते. त्यावर भांडताही आले असते.

तेव्हा गैरसोय हे राज्याच्या हातातले अन्याय्य हत्यार आहे असे मला वाटत नाही. पण ते चालवण्याच्या अटी असाव्यात. कारण खरे असावे आणि मोठ्याने सांगितलेले असावे. वस्तूचे नाव बदलून वाट काढलेली नसावी. गैरसोयीचा भार गरिबावरच पडत असेल तर तेही कबूल केलेले असावे. आणि जिच्या नावाने ती केली जाते, तिला निदान एकदा विचारलेले असावे. बहुतेक दारूचे कायदे या अटींवर टिकणार नाहीत, कोमट बिअरचा तर नाहीच. तापमान, टक्के, मीटर ही मापे राज्याला आवडतात, कारण त्यांना उलटून प्रश्न विचारता येत नाही. आडव्या बाटलीवर शिक्का मारणाऱ्या बाईला येतो. दुकान बंद झाल्यावर सहा महिन्यांनी मागच्या गल्लीत पुन्हा बाटल्या विकल्या जाऊ लागल्या की ती पोलीस ठाण्याच्या दारात उभी राहून तो विचारते. कायद्याची खरी गैरसोय तिथून सुरू होते.