उतारशाळेच्या मालकाला विचारले का?



गेले काही रविवार पवित्र मिस्सामध्ये एकमेकांना शांती देण्याची वेळ आली की आमची नजर नकळत तीन जणांकडे जाते. पूर्वी हे तिघे जवळजवळ बसत. आता एक उजव्या रांगेत, एक डाव्या रांगेत आणि तिसरी मागे दाराशी. बाकी सारे हात जोडून इकडेतिकडे वळतात. हे तिघे मात्र समोर वेदीकडेच पाहत राहतात. तिघांची परवानगी घेऊन आज त्यांच्या भांडणाविषयी लिहीत आहोत. नावे लिहीत नाही. आपले धर्मग्राम लहान आहे. अर्ध्यांना सारे ठाऊकच आहे, उरलेल्या अर्ध्यांनी चौकशी करू नये ही विनंती.

तिघेही एकाच दुकानातले. दुकान पाळीव प्राण्यांचे. काचेच्या टाक्यांत मासे, जाळीत लव्हबर्ड, पोत्यांत कुत्र्यांचे खाद्य, आणि अधूनमधून विकायला आलेली जातिवंत पिल्ले. एक मालक, एक गल्ल्यावर बसणारा तरुण आणि सकाळी झाडलोट करून पिंजरे धुणाऱ्या एक मावशी.

या तरुणाचे मन मऊ आहे. मूल रोडवर ट्रकखाली एक कुत्री गेली आणि तिची चार पिल्ले रस्त्याच्या कडेला केकाटत राहिली. त्याने ती खोक्यात घालून दुकानात आणली. मालक म्हणाले, "दोन दिवस ठेव." दोन दिवसांचे दोन आठवडे झाले. मग पंख मोडलेला एक पोपट आला. मग मांजराचे पिल्लू आले. मागची खोली भरली. मालक कुरकुरू लागले, तेव्हा तरुण म्हणाला, "तुम्ही जीव विकता, मी जीव वाचवतो." हे वाक्य त्याने गिऱ्हाइकांसमोर म्हटले, हे त्याने स्वतःच आम्हांस सांगितले. सांगताना त्याची मान खाली होती.

पुढे चारांपैकी दोन पिल्ले ओकू लागली, रक्ताची हगवण लागली आणि ती मेली. जनावरांच्या डॉक्टरांनी पार्व्हो असल्याचे सांगितले. लस न टोचलेल्या पिल्लांना हा रोग फार लवकर गाठतो. त्याचे विषाणू जमिनीवर, भांड्यांवर महिनोन्‌महिने टिकतात, आणि साध्या फिनाईलने जातील याचा भरवसा नसतो. ब्लीचिंगचे पाणी लागते. मावशी रोज फिनाईलनेच पुसत होत्या, कारण त्यांना वेगळे कोणी सांगितले नव्हते. विक्रीसाठी आणलेले एक पिल्लूही आजारी पडले. गिऱ्हाईक येऊन ओरडून गेले. मालकांनी त्याच संध्याकाळी तरुणाला सांगितले की उद्यापासून येऊ नकोस.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा आमचा कल तरुणाकडे होता, हे कबूल करतो. दया करणारा एकीकडे आणि गल्ला सांभाळणारा दुसरीकडे असला की धर्मगुरूला निवाडा सोपा वाटतो. पण मालकांचेही म्हणणे ऐकले. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली नियम केले. त्यांनुसार दुकानाची नोंदणी लागते, आजारी जनावर वेगळे ठेवावे लागते. आणि पोपटाचे तर त्याहून अवघड. आपल्या रानातला पोपट पाळणे वा विकणे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. घराच्या ओसरीत सापडला तर लोक समजून घेतील. दुकानाच्या पिंजऱ्यात सापडला तर तो विकायलाच आणला असे कोणीही म्हणेल. जखमी पोपट वनविभागाच्या हवाली करायचा असतो. १९२६ हा वनविभागाचा फोन क्रमांक आहे, आणि चंद्रपुरात त्यांचे वन्यजीव उपचार केंद्रही आहे. तरुणाने फोन केला नाही. "त्यांच्याकडे आधीच वाघ-बिबटे आहेत, माझ्या पोपटाकडे कोण बघणार?" असे त्याला वाटले. त्याचा पोपट! दहा दिवसांत 'माझा' झाला होता.

तरीही हे दोघे आमच्याकडे भांडण घेऊन आले नव्हते. आल्या होत्या मावशी. मिस्सा संपल्यावर पदर सावरत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "फादर, त्यायचं काय ते त्यायनं पाहावं. पन ते सारं धुवून काढाले मी होती नं? मले कोनी इचारलं का?"

या प्रश्नाने आमची झोप उडाली, असे म्हटले तर ते फार होईल; पण त्या आठवड्याचे प्रवचन मात्र बदलले.

प्रभू येशूने सांगितलेला दयाळू शोमरोन्याचा दाखला आपल्या सर्वांना पाठ आहे. संत लूकच्या शुभवर्तमानाचा दहावा अध्याय. लुटारूंनी मारून टाकलेला माणूस, बाजूने निघून गेलेला याजक, तसाच गेलेला लेवी, आणि थांबलेला परका शोमरोनी. (त्या दाखल्यात आमच्यासारख्यांच्या वाट्याला कोणती भूमिका आली आहे, हे आम्ही विसरलेलो नाही.) आजवर आम्ही या दाखल्यावर किती वेळा बोललो असू, पण नेहमी रस्त्यावरच थांबलो. जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, जनावरावर बसवले, झाले. पण दाखला तिथे संपत नाही. शोमरोनी त्या जखमी माणसाला उतारशाळेत नेतो. उतारशाळा म्हणजे कोणाचा तरी धंदा. तिथे मालक आहे, इतर गिऱ्हाइके आहेत, अंथरूण धुणारे कोणी आहे.

आणि शोमरोनी काय करतो? रात्रभर स्वतः त्याची शुश्रूषा करतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळेच्या मालकाच्या हातावर दोन दिनार ठेवतो. मत्तयच्या शुभवर्तमानात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसभराच्या कामाचा एक दिनार मिळतो. म्हणजे ही दोन दिवसांची मजुरी झाली. वर तो सांगतो की अधिक खर्च झाला तर परत येईन तेव्हा देईन. आपली दया दुसऱ्याच्या दारात ठेवून तो निघून जात नाही. परत येण्याची तारीख सांगत नाही, पण येणार आहे हे सांगतो.

आमच्या तरुणाने पिल्ले उचलली, हे शोमरोन्यासारखेच केले. खोके दुकानात ठेवले, तिथे दोन दिनार ठेवायला तो विसरला. दिनार म्हणजे फक्त पैसे नव्हेत. सकाळी अर्धा तास आधी येऊन मावशींच्या आधी खोली धुणे, हाही दिनारच होता.

जुन्या करारातले अनुवाद हे पुस्तक आपण क्वचित उघडतो. त्याच्या बाविसाव्या अध्यायात भरकटलेल्या जनावराविषयी आज्ञा आहे. भावाचा बैल किंवा मेंढरू भटकताना दिसले तर तोंड फिरवू नये. मालक दूर असेल वा ठाऊक नसेल, तर ते जनावर आपल्या घरी न्यावे आणि तो शोधत येईपर्यंत सांभाळावे. आपल्या घरी! शेजाऱ्याच्या घरी न्या, असे देव सांगत नाही. आणि निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात तर आणखी एक चमत्कारिक आज्ञा आहे. शत्रूचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तर त्याला सोडून जाऊ नये, शत्रूच्या सोबतीने ते उठवावे. एका बाजूने आपण, दुसऱ्या बाजूने ज्याचे तोंड पाहायचे नाही असा माणूस, आणि मध्ये ते मुके जनावर. एकदम उचलल्याशिवाय ते उठत नाही. देवाला गाढवाची काळजी आहेच, पण ते दोघे एकाच वेळी वाकावेत हीही त्याची इच्छा दिसते.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, तेव्हा संत थॉमस अक्विनस यांचे म्हणणे असे शिकलो की जनावराशी क्रूर वागणारा माणूस हळूहळू माणसांशीही क्रूर होतो, म्हणून ते टाळावे. त्यात जनावर जणू माणसाच्या सरावाचे साधन ठरते, अशी शंका तेव्हाही मनात आली होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात स्पष्ट केले की इतर प्राणिमात्रांना देवापुढे स्वतःचे मोल आहे, आपल्या उपयोगापुरते नव्हे. कॅथलिक श्रद्धाग्रंथही प्राण्यांना विनाकारण दुःख देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही असे सांगतो. पण त्याच परिच्छेदात तो असेही सांगतो की माणसांच्या दैन्यावर आधी खर्च व्हायला हवा असा पैसा जनावरांवर उधळू नये. दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी आहेत. वाचायला सोपी, पण मागच्या खोलीत फडके घेऊन उभे राहिले की अवघड.

हे कोणी जगून दाखवले आहे का, असे तरुणाने विचारले. त्यासाठी दूर जायला नको. आपल्याच शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड तालुक्यात हेमलकसा आहे. डिसेंबर १९७३ मध्ये तिथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंड बांधवांना औषधोपचार देण्यासाठी गेले होते, प्राण्यांसाठी नव्हे. एकदा शिकारीहून परतणाऱ्या लोकांजवळ मारलेले माकड होते आणि त्या मेलेल्या आईला तिचे जिवंत पिल्लू बिलगलेले होते. डॉक्टरांनी ते पिल्लू मागितले. तिथूनच प्राण्यांचे अनाथालय उभे राहिले. पुढे बिबटे आले, अस्वले आली, हरणे आली.

ही गोष्ट आपण अनेकांनी ऐकली आहे, २०१४ साली आलेल्या चित्रपटातही पाहिली आहे. पण आम्हांस तिच्यातली एक बाजू आता नव्याने दिसते. ती माणसे हौसेने शिकार करत नव्हती, घरात चूल पेटायची होती. भुकेल्या माणसाला 'जीव मारू नको' असे सांगून मोकळे होणे सोपे होते. डॉक्टरांनी पिल्लू मागितले, पण फुकट मागितले नाही. बदल्यात धान्य, कपडे असे काही दिले. हे त्यांचे दोन दिनार. आणि पिल्ले ठेवली ती स्वतःच्या अंगणात, जिथे त्यांची स्वतःची मुले वाढत होती. सोबतच्या कार्यकर्त्यांनीही तो भार स्वीकारला. त्यांपैकी विलास मनोहर यांनी 'नेगल' या पुस्तकात ते जगणे लिहिले आहे. रुग्णालय बंद करून अनाथालय चालवले गेले नाही. दोन्ही शेजारी शेजारी चालली. २००८ साली आमटे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो माणसांच्या सेवेसाठी.

तिथेही सारे सुरळीत गेले असे नाही. १९९२ साली केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरण स्थापन झाले. मग मान्यता, पिंजऱ्यांची मापे, नोंदी, सारे आले. वन्यप्राण्यांना इतके जवळ घेऊन हाताळण्यावर पुढे प्राधिकरणाने हरकतही घेतली. बिबट्याला जवळ घ्यावे की नाही, यावर आम्ही काय बोलणार? पण एवढे खरे की इतक्या वर्षांच्या प्रेमालाही कोणीतरी 'नोंद कुठे आहे?' असे विचारले, आणि तो प्रश्न विचारणारा प्रत्येक जण निष्ठुर नसतो. आमच्या दुकानमालकांनीही तेवढेच विचारले होते, जरा मोठ्या आवाजात.

आणखी एक गोष्ट लिहायला हवी. आपल्या जिल्ह्यात तेंदूपत्त्याला, मोहफुलांना गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात जातात. अशा घरातली माणसेही मिस्साला येतात. त्यांच्यासमोर 'प्राण्यांवर प्रेम करा' हे वाक्य आम्ही जपून उच्चारतो. मावशींचे एक नातलग असेच गेले. तरीही त्या मेलेल्या दोन पिल्लांना गोणपाटात गुंडाळून पुरले ते मावशींनीच. हे तरुणालाही ठाऊक नव्हते. आमच्यासमोर पहिल्यांदा कळले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही.

परवा संध्याकाळी तिघांना आमच्याकडे चहाला बोलावले. मालक आणि तरुण आधी एकमेकांशी आमच्यामार्फत बोलत होते, 'फादर, यांना सांगा' असे. मग तरुण उठला आणि त्याने मावशींची माफी मागितली, मालकांची नाही. मावशी म्हणाल्या, "माही नको मागू, त्यायची माग." ती माफी त्याने अर्धीमुर्धी मागितली. मालकांनीही 'गिऱ्हाइकांसमोर हाकलायला नको होते' असे पुटपुटले. पोपट दुसऱ्या दिवशी वनविभागाकडे गेला. कामावर परत घ्यायचे की नाही हे अजून ठरलेले नाही, आणि तो निर्णय आमचा नाही. उरलेल्या दोन पिल्लांसाठी आणि मांजरासाठी खाद्य खरेदीच्या भावात देऊ, असे मालक म्हणाले. लस तरुण स्वतःच्या पैशांनी टोचणार आहे.

प्रश्न उरला जागेचा. तरुणाच्या भाड्याच्या खोलीत घरमालक जनावर ठेवू देत नाही. तो खिडकीबाहेर पाहत होता. मग म्हणाला, "फादर, चर्चच्या मागची ती जुनी खोली रिकामीच असते ना?"

आमच्या मनात लगेच काय काय आले ते लिहितो. त्या खोलीत नाताळच्या गव्हाणीचे सामान आहे. वास येईल. रविवारी धर्मशिक्षणाची मुले तिकडेच धावतील. उद्या सारे गाव पिल्ले आणून सोडील. दाखल्यातला याजक बाजूने निघून गेला, तेव्हा त्याच्याही मनात अशीच कारणे असतील, आणि ती सगळी खोटी नसतील. मावशी आमच्याकडेच पाहत होत्या. आम्ही 'हो' म्हणणार तेवढ्यात त्यांचाच प्रश्न आठवला. ती खोली आम्ही झाडत नाही. आवार झाडणारे, नळाचे पाणी भरणारे, कुलूप लावणारे आमचे माळीदादा आहेत.

त्यांना अजून विचारलेले नाही. आज मिस्सानंतर विचारणार आहोत.