‘कुणी पाहिले?’



आपली मुले शाळेत उत्क्रांतीचा धडा शिकून येतात आणि वाटेत कुणीतरी त्यांना विचारतो, “माकडाचा माणूस होताना कुणी पाहिले काय?” हा प्रश्न अडाण्यांचाच आहे असे समजू नका. जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबादेत (आजचे छत्रपती संभाजीनगर) हेच म्हटले होते. डार्विन चुकीचा आहे, वानराचा माणूस झालेला पाहिल्याचे आमच्या पूर्वजांनी कुठेही सांगितलेले नाही, असा त्यांचा दाखला. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी तो खोडून काढला. तरीही २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली गेलीच.

मग विश्वास कुणावर ठेवावा? मंत्र्यावर की अकादमीवर?

केसपुत्त गावच्या कालामांनाही असाच पेच पडला होता. येणारा प्रत्येक आचार्य आपलेच खरे म्हणे. तथागतांनी त्यांना सांगितले की परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, इतकेच काय, हा श्रमण आपला गुरू आहे म्हणूनसुद्धा काही मानू नका. तेव्हा अकादमी मोठी आहे एवढ्यावर तिचेही मानण्याचे कारण नाही. तिने पुरावा पुढे ठेवला आहे काय, तो दुसऱ्याला तपासता येतो काय, एवढे पाहावे.

पुरावा काही लांब नाही. सिरोंच्याजवळ प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. तिथल्या दगडांतील माशांच्या जीवाश्मांवर नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले. मांगलीच्या खडकात सापडलेली एका उभयचर प्राण्याची कवटी लंडनला गेली, आणि १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिचे वर्णन छापले. हिस्लॉप ईश्वरभक्त ख्रिस्ती, आणि ओवेन तर पुढे डार्विनचे विरोधकच झाले. पण कवटी कुणाचा पक्ष घेत नाही. म्हणून ती आजही कामास येते.

राहिला ‘कुणी पाहिले’चा प्रश्न. मोहफुले वेचायला पहाटे निघालेली आपली बाई पाणवठ्यावर वाघाचा पंजा उमटलेला पाहते आणि मागे फिरते. वाघ तिने पाहिलेला नसतो. तिला कुणी अंधश्रद्ध म्हणेल काय?

हा वाद निव्वळ पुस्तकी नाही. प्रत्येकाला कर्त्याने जसा आहे तसा घडवला, हे एकदा मान्य केले की ब्रह्म्याच्या मुखातून कोण आणि पायातून कोण, हेही मागोमाग येते. आपल्या आजा-पणजांना तो हिशेब पुरता ठाऊक होता. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात बाबासाहेबांच्या हातून त्यांनी धम्मदीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांतली पहिलीच प्रतिज्ञा ब्रह्मा, विष्णू, महेश यांना नाकारणारी आहे, हे उगाच नव्हे.

एक गोष्ट मात्र कडू लागली तरी बोलतो. आपलेही काही वक्ते सभेत ठोकून देतात की डार्विनचा सिद्धांत बुद्धाने अडीच हजार वर्षांपूर्वीच सांगितला होता. नाही सांगितला. सगळे बदलते, कारणावाचून काही घडत नाही, हे तथागतांनी सांगितले, आणि ते थोडे नाही. पण प्राण्यांच्या जाती कशा बदलतात हे डार्विनने पुराव्याने दाखवले. वेदांत विमान शोधणाऱ्याला आपण हसतो. मग सुत्तात डार्विन शोधणाऱ्याला टाळ्या कशा देता?

वर्षावास संपला, रस्ते सुकले, की मुलांना सिरोंचा तालुक्यात वडधमला घेऊन जा. तिथे झाडांचे खोड दगड होऊन पडले आहे, त्याच खडकांत डायनोसॉरची हाडेही मिळाली आहेत. मुलांना हात लावून पाहू द्या, आणि काय वाटेल ते विचारू द्या.