दुःख आणि दोष

ज्या घरी मृत्यू झाला आहे तेथे जाऊन बसले असता एक उद्गार बहुधा ऐकू येतो : "मी तसे केले असते तर तो वाचला असता." बाप म्हणतो, आदल्या दिवशीच डॉक्टराकडे न्यावयास हवे होते. सून म्हणते, सासूबाईंशी शेवटचे बोलले ते रागाने बोलले. खरवई, बदलापूर या बाजूच्या लोकांस २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर ठाऊक आहे. अशा पुरात ज्याचे गोठ्यातले जनावर वाहून गेले, तो पाणी ओसरल्यावरही मनात तेच दावे पुनःपुन्हा सोडीत बसतो. पाणी आभाळातून आले, परंतु दोष तो आपल्या माथी घेतो.

ख्रिस्ती विश्वासाने अंतःकरणास शांती मिळते असे आपण सांगतो, आणि ते खरे आहे. पण ती शांती कोणत्या ओझ्यापासून? पापाच्या, की दुःखाच्या? प्रिय वाचकहो, ही दोन ओझी एक नव्हेत, आणि त्यांवरचे औषधही एक नव्हे. जो ती ओळखून वेगळी करीत नाही, त्याला विश्वास असूनही विसावा मिळत नाही.

दुःखी मनुष्यालाच दोषी ठरविण्याची चाल आपल्या देशात जुनी आहे. नवरा वारला की बायकोचे पूर्वजन्मीचे पाप फळास आले, तिने नवऱ्याला खाल्ले, असे म्हणत. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी पुस्तकात हे सर्व जगापुढे मांडले. त्यांना दुःख परके नव्हते. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईबाप व बहीण गेली, १८८० साली भाऊ गेला, आणि १८८२ साली पतीही पटकीने वारला. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या, आणि पदरी तान्ही मुलगी होती. पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. तेथे विधवांना अन्न, वस्त्र व विद्या मिळे. परंतु आमच्या मते याहून मोठी देणगी ही की, त्या घरात विधवेला कोणी तिच्या दुःखाबद्दल गुन्हेगार मानीत नसे.

हा दोष केवळ इतरांचा, असे समजून आपण निश्चिंत होऊ नये. आपल्या मंडळ्यांतही लेकरू गमावलेल्या आईला कोणी म्हणतो, "प्रार्थना कमी पडली"; कोणी म्हणतो, "विश्वास असता तर बरे झाले असते." शब्द ख्रिस्ती झाले, पण घाव तोच राहिला. ईयोबाचे मित्र सात दिवस मुकाट्याने त्याच्याजवळ बसले, तोवर ते चांगले मित्र होते. तोंड उघडून त्याचे पाप शोधू लागले तेव्हा देवाचा कोप त्यांच्यावर झाला. जन्मांधाला पाहून शिष्यांनी विचारले की, पाप याचे की याच्या आईबापांचे? प्रभूने दोन्ही नाकारले. आणि बेथानीस लाजराच्या कबरेपाशी त्याने मार्था व मरीया यांच्याकडून काही कबुली मागितली नाही. तो त्यांच्यासह रडला. दुःखावरचे औषध पापक्षमा नव्हे; सोबत व पुनरुत्थानाची आशा हे होय.

तर मग सर्वच दोष मनाचा खेळ आहे काय? मुळीच नाही. भावाचा बांध कोरला, मजुराची मजुरी बुडविली, म्हाताऱ्या आईला उपाशी ठेविले, हे दुःख नव्हे, हे पाप आहे. त्यावर "जाऊ द्या, मनास लावून घेऊ नका" असे सांगणे म्हणजे गळवावर वरून लेप लावणे होय. त्याला कबुली हवी, वधस्तंभाजवळची क्षमा हवी, आणि शक्य तेथे भरपाईही हवी. प्रभू जक्कयाच्या घरी गेला तो त्याने हिशेब चुकता करण्यापूर्वी. पण प्रभू घरात आल्यावर जक्कय चौपट परत देण्यास उभा राहिला. क्षमेने देणे बुडत नाही. देणे फेडण्याचे बळ येते. पेत्र व यहूदा दोघांनीही आपला अपराध ओळखला. एक त्या अपराधासह एकटाच निघून गेला. दुसरा रडला, पण प्रभूला पुन्हा भेटला.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. शोकाच्या घरी प्रथम ऐका. मग, शोक थोडा निवल्यावर, खळ्यावर सुपाने भात पाखडावे तसे त्या मनुष्याबरोबर बसून पाखडा. मी काय केले? कोणाचे नुकसान केले? ते मला त्या वेळी कळत होते काय? आज भरून देता येईल काय? जे खरोखर दोषाचे निघेल ते प्रभूपुढे नाव घेऊन ठेवावे व त्याची भरपाई करावी. जे उरेल ते प्रेमाचे दुःख आहे. त्याची क्षमा मागावयाची नसते. ते प्रभूच्या सोबतीने वाहावयाचे असते.

हा विसावा एका दिवसात येतो असेही नाही. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. परंतु धर्म मिळाला तरी ख्रिस्त स्वतः आपणास सुमारे आठ वर्षांनी सापडला, अशा आशयाची साक्ष त्यांनीच लिहून ठेविली आहे. आणि त्यानंतरही दुःख टळले नाही. बदलापुरावरून जाणारा लोहमार्ग घाट चढून पुण्यास पोहोचतो, आणि पुढे दौंडाच्या वाटेवर केडगाव लागते. तेथेच त्यांचे मुक्ती सदन. १९२१ साली त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा त्यांच्याआधी गेली. त्या वेळी रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून मराठी बायबल सिद्ध करण्याच्या कामात होत्या. ते काम त्यांनी सोडले नाही. १९२२ च्या एप्रिलात त्या प्रभूजवळ गेल्या, व ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले.

ज्याचा दोष प्रभूने उचलला आहे, त्याला दुःख होणार नाही असे नाही. पण ते दुःख त्याला कामावरून उठवू शकत नाही. बंधुभगिनींनो, आपल्या गावी आज जो कोणी रात्री जागा राहून स्वतःलाच शिक्षा करीत असेल, त्याच्या दारी या आठवड्यात जा. उपदेश घेऊन नव्हे, कान घेऊन जा.