हात उचलण्यापूर्वी



निपाणीकडील एक गृहस्थ आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन मठात आले. म्हणाले, "स्वामीजी, हा खोटे बोलतो. मारून पाहिले, तरी खोड जात नाही. आपणच चार शब्द सांगा." आशीर्वादासाठी मुलाच्या डोक्यावर हात ठेवू लागलो, तोच त्याने अंग चोरले. आशीर्वादाचा हात आणि माराचा हात यांतील भेद त्याला उरला नव्हता. "खोटे का बोलतोस, बाळ?" असे विचारता तो हळूच म्हणाला, "खरे सांगितले की मार बसतो."

"आम्हीही मार खाऊनच शिकलो," असे पुष्कळजण म्हणतात. पाठशाळेत आम्हीही छडी खाल्ली आहे. गुरुजींविषयी आज कृतज्ञता आहे, ती त्यांनी एकच शब्दरूप न कंटाळता दहा वेळा समजावले म्हणून. छडी कोणत्या चुकीसाठी बसली, ते मात्र आठवत नाही. पाच वर्षे लाड, दहा वर्षे ताडन आणि सोळावे लागताच पुत्राला मित्र माना, अशा अर्थाचे एक जुने सुभाषित आहे. पण दहा वर्षे भ्यालेला मुलगा सोळाव्या वर्षी एकाएकी मित्र कसा होणार?

शाळेतील शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली. स्वीडनने १९७९ मध्ये घरातील मारही निषिद्ध ठरविला. आपल्याकडे घरातील गोष्ट बऱ्याच अंशी माता-पित्यांच्या विवेकावर आहे. तो विवेक लिंगवंताने कोठून घ्यावा?

आपल्या घरी तान्ह्या बाळालाही लिंगधारण होते. तेव्हापासून तो इवलासा देह लिंगाचे वसतिस्थान होतो. सकाळी करतलावर इष्टलिंग धरणारा हात सायंकाळी त्याच लिंगधारी देहावर पडावा, ही कसली पूजा?

मग शिस्त नको काय? अवश्य हवी. दूध सांडले तर मुलाकडूनच पुसून घ्यावे. खोटे बोलले तर खरे सांगण्यास अभय द्यावे. आणि राग आला की पूजेला लागतो तेवढा वेळ थांबावे. राग ओसरल्यावर हात उठत नसेल, तर तो मार मुलाच्या हितासाठी नव्हता, आपल्या क्रोधासाठी होता, हे ओळखावे.

त्या दिवशी मुलाला काहीच सांगितले नाही. चार शब्द सांगितले ते पित्याला.

शरणु शरणार्थी.