मैदानाच्या दारात श्रद्धा

बहरीनच्या राजधानीतलं, मनामातलं बाब अल बहरीन हे प्रवेशद्वार १९४९ साली उभं राहिलं, तेव्हा समुद्र अगदी जवळ होता. आज भराव घालून तो दूर गेला आहे, पण कमानीमागचा बाजार जुनाच. तिथल्या गल्ल्यांत श्रीनाथजींचं मंदिर आहे, मशिदी आहेत, शियांची मातम नावाची शोकसभागृहं आहेत. या कमानीखालून जाताना डोक्यावरचं उतरवून या, असं कुणाला सांगितलं जात नाही.

बिल्किस अब्दुल-कादिरला मात्र ते बास्केटबॉलच्या मैदानावर सांगितलं गेलं.

ती अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची. हा खेळ जन्मला तोही त्याच गावात. १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी तो वायएमसीए या ख्रिस्ती युवक संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत रचला. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले. शरीर घडवणं हीसुद्धा ईश्वराची सेवा, असं मानणाऱ्या परंपरेतले. पुढे वायएमसीएनेच हा खेळ भारतात रुजवला आणि मुंबईच्या नागपाड्यात मुसलमान वस्तीने तो आपलासा केला. म्हणजे श्रद्धा बास्केटबॉलमध्ये बाहेरून घुसलेली नाही, ती मुळातच आहे.

शाळेत असताना बिल्किसने ३,०७० गुण केले आणि रिबेका लोबोचा मॅसॅच्युसेट्स राज्यातला विक्रम मोडला. मग मेम्फिस विद्यापीठ, नंतर इंडियाना स्टेट. अमेरिकी विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीत हिजाब घालून खेळलेली ती पहिली मुलगी. व्यावसायिक संघाची वेळ आली तेव्हा ‘फिबा’ या जागतिक संघटनेचा नियम आडवा आला: डोकं झाकून खेळता येणार नाही.

कारण दिलं गेलं सुरक्षेचं. बहरीनच्याच रुकय्या अल घस्राने २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत हिजाब घालून २०० मीटर शर्यतीचं सुवर्ण जिंकलं होतं. धावताना कुणी अंगावर येत नाही, हे खरं. पण बिल्किस तर कितीतरी वर्षं धक्काबुक्कीतच खेळली होती! २०१४ मध्ये याच नियमामुळे वुहानच्या बास्केटबॉल स्पर्धेत भारताच्या शीख खेळाडूंना पगड्या उतरवाव्या लागल्या. त्याच वर्षी इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत कतारच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींनी हिजाब काढण्यापेक्षा सामना सोडला.

खेळायचं असेल तर स्वतःचा एक भाग बाहेर ठेवून ये, असं माणसाला सांगण्याचा अधिकार कुणाला आहे? हा प्रश्न उलट बाजूनेही तितक्याच कठोरपणे विचारायला हवा. २०२२ मध्ये हिजाबसक्ती असलेल्या इराणची प्रस्तरारोहणपटू एल्नाझ रेकाबी सोलच्या स्पर्धेत हिजाबविना भिंत चढली आणि तिच्या सुरक्षिततेची जगाला काळजी वाटू लागली. काढायला लावणारा आणि घालायला लावणारा, दोघेही त्या मुलीच्या विवेकाची जागा बळकावतात. सक्तीने घातलेल्या वस्त्रात भक्ती उरत नाही. सक्तीने काढलेल्यात स्वातंत्र्य नाही.

मे २०१७ मध्ये ‘फिबा’ने नियम बदलला. नव्या नियमात धर्माचा विचार नाही, कापडाचा आहे: चेहरा मोकळा असावा, कुठलाही भाग बाहेर लोंबू नये, संघातल्या सगळ्यांच्या कापडाचा रंग एक असावा. खेळाच्या संघटनेने एवढंच ठरवावं. तोवर बिल्किसचं विद्यापीठातलं खेळणं संपून काही वर्षं लोटली होती. व्यावसायिक कारकीर्द राहून गेली. जो नियम बदलावा म्हणून ती आवाज उठवत होती, त्याचा लाभ तिच्यामागून येणाऱ्या मुलींना झाला.