वस्तूंचे सुटणे आणि ममतेचे सुटणे

अहिल्यानगर जिल्ह्यातील एखादे वासनिक कुटुंब परदेशी स्थायिक व्हावयास निघते, तेव्हा त्याच्यापुढे एक प्रश्न उभा राहतो. अमेरिकेच्या विमानात माणशी बहुधा २३ किलोच्या दोनच पेट्या नेता येतात. मग उभा संसार विकावा की वाटावा? आणि तो हातून गेला म्हणजे त्याग घडला काय?

घडला असे म्हणता येत नाही. नवा संसार थाटण्यासाठी जुना सोडणे हा केवळ पालट होय. १९४७ च्या फाळणीत पेशावरच्या जयकृष्णी कुटुंबांना भरली घरे सोडावी लागली; तेथे इच्छाच नव्हती, म्हणून तोही त्याग नव्हे. याच जिल्ह्यातील सराळ्याचे म्हाइंभट मात्र घर सोडून ऋद्धिपुरास गेले, ते दुसरे घर बांधण्यासाठी नव्हे.

तथापि हा प्रसंग व्यर्थ नाही. पितळी हंडा मोडीत घालताना भाव धातूचा ठरतो, जीव मात्र ‘माझा’ या शब्दासाठी तुटतो. हे ज्यास दिसले, त्याची ममता निदान उघडी पडली. त्याने घासाघीस न करता तो हंडा गरजूस द्यावा आणि दिल्याचा अभिमानही मागे ठेवू नये.

दोन गोष्टी मात्र या हिशेबाबाहेरच्या. देवपूजेतील विशेषांचे मोल परमेश्वरसंबंधाचे. ते सोबत न्यावेत, अथवा जाणत्या महंतांच्या स्वाधीन करावेत. आणि मागे राहणाऱ्या वृद्ध मातापित्यांभोवतीचे घर रिकामे करून त्यास वैराग्य म्हणू नये. कर्तव्य टाळणे म्हणजे निर्ममता नव्हे.

दंडवत प्रणाम.