जुनें यंत्र, नवा भाग

एखाद्या यंत्राचा एकेक भाग झिजला व त्याच्या जागीं एकेक नवा बसविला, तर शेवटीं उरतें तें जुनेंच यंत्र काय? हा प्रश्न पुरातन आहे. थीसियसच्या नौकेच्या कुजलेल्या फळ्या बदलल्या गेल्या तेव्हां तत्त्वज्ञ त्यावर वाद करीत असत, असें प्लुटार्कनें लिहिलें आहे. चाक, आंस, जूं यांपैकीं रथ कोणता, असें विचारून भिक्षु नागसेनानें मिलिंद राजास निरुत्तर केलें, ही पाली वाङ्मयांतील कथाही प्रसिद्धच आहे. परंतु हे वाद पाहणाऱ्याचे आहेत. ज्याच्या हातीं कानस आहे त्याच्यापुढें निराळाच प्रश्न उभा राहतो: नवा भाग करतांना माप कोणाचें पाळावयाचें?

लांकूड कातण्याच्या लेथचें उदाहरण घेऊं. फिरत्या ठोकळ्यास पटाशी लावून तिच्यावर लाटणीं, पाळण्याचे गज, खुर्च्यांचे पाय गोल उतरवितात. इंग्लंडांत नॉटिंगहॅमजवळ बीस्टन येथें मायफर्ड कंपनी ‘एम. एल. ८’ नांवाची अशी लेथ करीत असे. तेथील कारखाना २०११ सालीं बंद पडला. लेथा मात्र अद्याप कामांत आहेत. त्यांच्या फिरत्या आंसाच्या टोकास १ इंच व्यासाचे, इंचास १२ याप्रमाणें आटे असतात व लांकूड धरणारा चक त्यांवर बसतो. आज बाजारांत मिळणारे पुष्कळसे चक ३३ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांसाठीं केलेले असतात. शिवाय जोसेफ विटवर्थनें १८४१ सालीं सुचविलेल्या इंग्रजी आट्याचा कोन ५५ अंशांचा, तर मेट्रिक आट्याचा ६०. भेद पांचच अंशांचा. पण न जुळणारा चक बळेंच बसविला, तर मिनिटास हजाराहून अधिक फेरे घेतांना तो कातणाऱ्याच्या जिवावर बेतूं शकतो.

प्रत्येक भागाविषयीं ही अडचण येत नाहीं. बिडाचें हातचाक मोडलें तर त्याचा लांकडी नमुना करून ओतशाळेंत द्यावा. बीड थंड होतांना फुटामागें सुमारें एक अष्टमांश इंच आकसतें, म्हणून नमुना तितका मोठा करावा लागतो. गोल नमुना कातला जातो तोही लेथवरच. अशा रीतीनें एक लेथ दुसरीचें अंग घडविते. हें चाक मुळाहून थोडें निराळें झालें तरी कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. आंसाची गोष्ट वेगळी. त्याच्या मापावर पूर्वींचे सर्व चक व तबकड्या अवलंबून आहेत. तें माप बदलणें म्हणजे त्या सर्वांस एका क्षणांत निराधार करणें होय.

यावर कोणी म्हणेल, यंत्राचा धर्म काम करणें हा आहे. तें पूजेस ठेवावयाचें नाहीं. हा आक्षेप खोटा नव्हे. दोन मापें जोडणारा तुकडा मध्यें घालतां येतो, पण त्यायोगें चक आंसापासून पुढें सरतो व जड लांकूड कातरतांना थरथरतें. ज्या कातारीची भाकरी त्या लेथवर आहे, त्यास दुसऱ्याच्या जुन्या मापासाठीं ही थरथर सोसावयास सांगण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

तरी आमच्या मतें त्याच्यावर दोन बंधनें राहतातच. नव्या मापाचा आंस त्यानें खुशाल करावा; परंतु जुना मोडीत घालूं नये, तेल लावून लेथबरोबरच ठेवावा. आणि नव्यावर माप व साल कोरावें. बदल करणें हा अपराध नव्हे. मागें फिरण्याची वाट बुजविणें व बदल झाल्याचें लपविणें, हे मात्र अपराध आहेत. कारण त्यांचा दंड बदल करणारा भोगीत नाहीं, त्याच्यामागून येणारा भोगतो.

घराण्यांच्या रीति आणि संस्थांच्या घटना यांसही आम्ही हाच न्याय लावूं. झिजलेलें बदललेंच पाहिजे. परंतु पूर्वजांनीं कोणत्या मापानें घडविलें व आपण तें कोठें सोडलें, हें पुढच्यास वाचतां येईल असें लिहून ठेवणें, एवढें ऋण तरी प्रत्येक दुरुस्ती करणाऱ्याच्या माथीं आहे.